अंगणातला बॉटल पाम : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत माळ्याला ‘बॉटल पाम कुठला?’ असे विचारले, तर तो फाटकापासून दोन्ही बाजूंनी ओळीने उभ्या असलेल्या, तिसऱ्या मजल्याला टेकलेल्या करड्या खोडांकडे बोट दाखवतो. नर्सरीवाला तेच दाखवतो आणि बंगल्याचा मालकही तेच. ती झाडे रॉयल पामची असतात. रॉयस्टोनिया रेजिया हे त्यांचे शास्त्रीय नाव. क्यूबाचा तो राष्ट्रीय वृक्ष. खरा बॉटल पाम पुष्कळदा त्याच आवारात कुठेतरी कडेला असतो. जमिनीलगत फुगलेला बुंधा, वर एकदम आवळलेली मान आणि डोक्यावर मोजून चार-पाच झावळ्या. त्याला मात्र ‘शॅम्पेन पाम’ म्हणतात, आणि बोलता बोलता त्याचा ‘चॅम्पियन पाम’ होतो.

नावांची ही अदलाबदल नुसती गमतीची असती, तर तिच्यासाठी पुस्तिका लिहायचे कारण नव्हते. पण वीस मीटरच्या वर जाणारे झाड आणि चार-पाच मीटरवर थांबणारे झाड यांची गल्लत घरच्या बागेत महागात पडते. खिडकीपासून हाताच्या अंतरावर ‘बॉटल पाम’ म्हणून लावलेले रोप बघता बघता गच्चीच्या वर निघून जाते, आणि त्याची वाळलेली जड झावळी कधी कोणाच्या मोटारीवर येईल याचा नेम राहत नाही. उलटेही घडते. खऱ्या बॉटल पामचे रोप पहिली काही वर्षे उंचीने जवळपास वाढतच नाही. मग ‘रोप खराब निघाले’ असे ठरवून लोक ते उपटून टाकतात. ज्या झाडाची निसर्गातली संख्या एके काळी बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, ते असे कचऱ्याच्या गाडीतून जाते.

‘दुर्मिळ’ हा शब्द नर्सरीच्या पाट्यांनी फार स्वस्त केला आहे. म्हणून या झाडाच्या बाबतीत तो कोणत्या अर्थाने खरा आहे, ते आधी सांगायला हवे. रोपांच्या बाजारात बॉटल पाम दुर्मिळ नाही. मुंबई, पुणे, गोवा, कुठेही चौकशी केली तर मिळतो. दुर्मिळ आहे तो स्वतःच्या घरी. हायोफोर्बे लाजेनिकॉलिस या जातीचे नैसर्गिक घर जगात एकच, हिंदी महासागरातले राउंड आयलंड. मॉरिशसपासून साधारण बावीस किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला हा ज्वालामुखीचा डोंगर. विस्तार दोनशे हेक्टरांच्या आसपास, माथा २८० मीटर. सह्याद्रीतला एखादा मध्यम गड समुद्रात नेऊन ठेवावा, एवढाच त्याचा पसारा.

मॉरिशस मराठी माणसाला अगदीच परके नाही. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून जी माणसे नेली गेली, त्यांत रत्नागिरीकडची कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्याच शतकात राउंड आयलंडवर दुसरे प्रवासी उतरले: शेळ्या आणि ससे. त्यांना तिथे सोडले माणसांनीच. उंदीर मात्र या बेटावर कधी ठाण मांडू शकले नाहीत, आणि म्हणून तिथले साप, सरडे, पाली पुष्कळशा बचावल्या. झाडांना ते भाग्य नव्हते. मोठे पाम उभे होते, फुलत होते, त्यांचे बी पडत होते आणि रुजतही होते. पण वर आलेला कोंब शेळी नाहीतर ससा खाऊन टाकत असे. झाडोरा गेला तशी माती उघडी पडली, पावसाने ती समुद्रात नेली, आणि उरलेली म्हातारी झाडे चक्रीवादळांनी पाडली. रान मेले ते असे, नवे काही न वाढल्यामुळे. गेराल्ड ड्युरेल यांच्या ‘गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स’ या १९७७ सालच्या पुस्तकात या बेटावरच्या त्यांच्या फेऱ्यांची हकिगत आहे. बेट आटत चालल्याच्या काळात ते तिथे जाऊन आले होते.

शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ पर्यंत बेटावरून पूर्णपणे हटवले गेले. त्यानंतर तिथे रोपे पुन्हा तग धरू लागली, लागवडही झाली. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवे केव्हाच नामशेष झाली होती. त्यांचे चरण्याचे आणि बी पसरवण्याचे काम करायला २००७ पासून अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची कासवे तिथे आणून सोडली. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत बॉटल पामची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशीच आहे.

हायोफोर्बे प्रजातीत जाती पाचच, आणि पाचही मॉरिशस, रेयुनियाँ आणि रॉड्रिग्ज या बेटांच्या. त्यांतल्या एका भावंडाची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हायोफोर्बे अमरिकॉलिस या जातीचे जगातले एकमेव ज्ञात झाड मॉरिशसमध्ये क्युरपीपच्या वनस्पतिउद्यानात आहे. ते फुलते. पण त्याची नर फुले आधी उमलतात, मादी फुले मागाहून, आणि परागकण द्यायला दुसरे झाडच नाही. प्रयोगशाळेत गर्भापासून रोपे करण्याचे प्रयत्न झाले. काचेच्या नळीतून बाहेर काढल्यावर ती जगली नाहीत. आपल्या अंगणातला बॉटल पाम या घराण्यातला आहे. राउंड आयलंडवरून त्याचे बी वेळेत बाहेर पडले आणि जगभरच्या बागांत पोचले, म्हणून त्याच्यावर ती वेळ आली नाही, इतकेच.

आता ओळखीकडे वळू. या पुस्तिकेचा निम्मा भाग ओळखीवर खर्च झाला आहे, आणि तो मला कमीच वाटतो.

पाम ओळखायचा म्हटले की लोक खोडाकडे बघतात. या झाडाच्या बाबतीत फसगत होते ती तिथेच, कारण फुगवटा वयानुसार बदलतो. रॉयल पामही लहानपणी बुडाशी चांगला गरगरीत असतो. पुढे उंची वाढते तसा त्याचा फुगवटा खोडाच्या मध्याकडे सरकल्यासारखा दिसतो. म्हणून खोड शेवटी बघावे, आधी झावळी. रॉयल पामच्या झावळीची पाती मधल्या दांड्यावरून सगळ्या दिशांना निघतात, त्यामुळे झावळी विस्कटलेल्या झुपक्यासारखी भरगच्च दिसते. बॉटल पामची पाती ताठ, दोनच रांगांत आणि दोन्ही बाजूंनी वर उचललेली. समोरून बघितले तर मध्ये स्पष्ट पन्हळ दिसते, आणि अख्खी झावळी किंचित पिळलेली असते. मग झावळ्या मोजाव्यात. मोठ्या रॉयल पामला पंधराच्या आसपास सहज असतात. बॉटल पामला चार ते सहा, क्वचित आठ. याहून जास्त भरली तर संशय घ्यावा.

झावळ्यांच्या खाली, जिथे त्यांचे देठ एकमेकांना गुंडाळून हिरवा गुळगुळीत दंडगोल होतो, तो भाग कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पोफळीची विरी ज्याने सोलली आहे, त्याला तो ठाऊक आहे. बॉटल पाम आणि रॉयल पाम दोघांनाही अशी विरी असते, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा होत नाही. निवाडा होतो विरीच्या बुडाशी येणाऱ्या पोयींवरून. रॉयल पामची पोय मोठी, गदेसारखी, आणि फुटली की तिचा केरसुणीएवढा झुपका लोंबतो. बॉटल पामच्या पोयी शिंगांसारख्या निमुळत्या, टोके आभाळाकडे, आणि एकाच वेळी दोन-चार शिंगे खोडाभोवती उभी. ही शिंगे एकदा नीट पाहिली की पुन्हा चूक होणे कठीण. पण त्यासाठी झाड फुलावर यावे लागते आणि त्याला दशकभराचा काळ सहज लागतो. तोवर रोपावरून ओळखायची दुसरी खूण आहे: कोवळेपणी बॉटल पामच्या देठांवर आणि पातींच्या कडांवर तांबूस-नारिंगी झाक असते. आणि बी तुम्ही स्वतःच रुजत घातले असेल, तर पहिल्याच पानावर निकाल लागतो. रॉयल पामचे पहिले पान गवताच्या पातीसारखे अखंड निघते, बॉटल पामचे टोकाशी दुभंगलेले.

खरा पेच पडतो तो भावंडामुळे. रॉड्रिग्ज बेटावरचा हायोफोर्बे व्हर्शाफेल्टी, म्हणजे स्पिंडल पाम, नर्सरीत बॉटल पामच्याच रांगेत आणि त्याच नावावर विकला जातो. पोयीची शिंगे त्यालाही असतात. फरक असा की त्याचे खोड बुडाशी नव्हे तर अंमळ वर, मध्याकडे फुगते आणि दोन्ही टोकांना निमुळते होते. त्याच्या झावळ्या संख्येने थोड्या जास्त, आणि पाती एका पातळीत न राहता जराशी विस्कटलेली. लहान वयात हे दोघे वेगळे काढणे जाणकारालाही जड जाते. ज्या विक्रेत्याला ते क्षणात जमते, त्याच्याकडून रोप घेताना मी दुप्पट सावध राहीन. त्यातून या दोन जातींचा बागेत संकर होतो. शेजारी शेजारी वाढलेल्या झाडांच्या बियांतून निघालेले रोप धड हेही नसते आणि धड तेही नसते. अशा रोपाला कुठले नाव द्यावे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ते संकरित आहे असे लिहून मोकळे व्हावे.

राहिली नोलिना. बुडाशी कांद्यासारखी गाठ, भेगाळलेली साल आणि वर केसांसारखी लोंबती पाने. तिलाही ‘बॉटल पाम’ म्हणून खपवतात. ती पाम नाहीच. शतावरीच्या कुळातली मेक्सिकोची वनस्पती आहे. विरी नाही, खोडावर गोल वळ्या नाहीत, झावळी नाही. एका ओळीत संपणारी ही गोष्ट असली, तरी बॉटल पामविषयी विचारायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी हीच असते.

शास्त्रीय नावाबद्दल थोडेसे. जुन्या पुस्तकांत हा पाम मॅस्करेना लाजेनिकॉलिस या नावाने सापडेल. लिबर्टी हाइड बेली या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये त्याचे तसे वर्णन केले, आणि हॅरल्ड मूर यांनी १९७६ मध्ये त्याला हायोफोर्बेत आणले. दोन्ही नावे एकाच झाडाची. जुने नाव दिसले म्हणून वेगळे, अधिक दुर्मिळ झाड समजून जास्त पैसे मोजू नयेत.

संगोपनाची प्रकरणे वाचण्याआधी पामच्या शरीराविषयी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. आंबा, फणस, वड यांचे खोड दरवर्षी जाड होत जाते, कारण सालीच्या आत वाढीचा थर असतो. पामला तो थर नाही. जखम झाली की आंब्याची साल हळूहळू ती झाकते; पामच्या खोडात ठोकलेला खिळा, दिवाळीच्या माळांसाठी आवळलेली तार, गवत कापायच्या यंत्राने बुंध्याला बसलेला ओरखडा, हे सगळे झाड असेपर्यंत तसेच राहते आणि बुरशीला वाट देते. वाढीचा कोंबही एकच, विरीच्या आत दडलेला. तो गेला की झाड गेले. बॉटल पाम बुडातून फुटवे देत नाही, त्याची फांदी लावता येत नाही, कलम होत नाही. ‘कलमी बॉटल पाम’ असे कोणी म्हणाले तर नमस्कार करून पुढे जावे. नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा इतर पामांनाही सोडत नाही. जवळ कुजणारे शेणखताचे ढीग असतील तर तो तिथेच वाढतो, हे कोकणात कोणालाही विचारावे.

जमिनीची अट एकच आणि ती कडक: पाणी साचता कामा नये. कोकणातली जांभ्याची तांबडी माती या झाडाला मानवते. समुद्राचा खारा वाराही तो सोसतो. देशावरच्या काळ्या मातीत मात्र उंचवटा करून, मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून लावावा, नाहीतर पावसाळ्यात मुळे गुदमरतात. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात, ते लोह न मिळाल्यामुळे. लावताना रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच ठेवावे. झाड पक्के बसावे म्हणून बुंधा मातीत पुरण्याची आपली सवय पामला मारक ठरते. लावण्याची वेळ म्हणजे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतरची. थंडीची भीती कोकणात नाही. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात पारा फार खाली जातो, तिथे लहान रोपांना रात्री आडोसा द्यावा.

पाण्यापेक्षाही या झाडाची खरी कसोटी लागते ती पालाशावर. बॉटल आणि स्पिंडल हे दोन्ही पाम पालाशाच्या कमतरतेला फार लवकर बळी पडतात, आणि आपल्याकडच्या बागांतल्या बहुतेक बॉटल पामांवर ती लक्षणे मला दिसतात. सगळ्यात जुनी, खालची झावळी उन्हाकडे धरून बघावी. पातींवर आरपार दिसणारे पिवळे-नारिंगी ठिपके आणि जळल्यासारखी टोके असतील, तर ती पालाशाची मागणी आहे. माळी अशा वेळी युरिया घालतो. नत्राने झाड हिरवे दिसू लागते, वाढीचा वेग वाढतो आणि उरलासुरला पालाशही त्या वाढीत संपतो. फ्लोरिडा विद्यापीठाने पामांसाठी सुचवलेल्या खताचे प्रमाण यासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे: नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि जोडीला मॅग्नेशियम ४, तेही सावकाश विरघळणाऱ्या रूपात. बाजारातले १९:१९:१९ यापासून किती दूर आहे ते आकड्यांवरूनच कळते.

याच कारणासाठी पिवळी झावळी कापू नये. सोसायटीच्या मासिक सभेत हे पटवणे किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पिवळे पान म्हणजे दुर्लक्ष, असे समीकरण होऊन बसले आहे. पण पालाश कमी पडला की पाम तो जुन्या पानातून काढून नव्याला देतो. जुने पान तोडले की तो ठेवा कचऱ्यात जातो आणि झाड त्याच्या वरच्या पानातून ओढायला लागते. ज्याला झावळ्याच मुळात चार-पाच, त्याची एक कापणे म्हणजे त्याचे चौथाई अन्न कापणे. वारंवार असे झाले की खोडाची मान बारीक होत जाते, आणि पामच्या खोडाला मागे जाऊन जाड होता येत नसल्यामुळे ती बारीक जागा कायमची राहते. झावळी पूर्ण वाळून तपकिरी झाली की हाताने ओढून निघते. तोवर थांबावे. योग्य खत सुरू केल्यावरही आज ठिपके पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. नवी पाने चांगली येत जातात आणि सगळा शेंडा बदलायला दोन-तीन वर्षे जातात.

बियांच्या प्रकरणात पेरणीची पद्धत सविस्तर दिली आहे, त्यामुळे इथे ती सांगत नाही. ताजे बी, ऊब आणि सबुरी यांवर सारे आहे. काही बिया दोन-तीन महिन्यांत रुजतात, काहींना वर्ष लागते, आणि कुंडी ओतून बघणाऱ्याच्या बिया रुजतच नाहीत.

बियांवरून निघणारा दुसरा विषय मात्र इथेच मांडतो, कारण तो संगोपनाच्या कुठल्याच प्रकरणात बसला नाही. दुर्मिळ झाड घरी लावणाऱ्याला आपण एक जात वाचवत आहोत असे वाटू लागते. ही भावना मला समजते, पण ती तपासून घ्यायला हवी. आपल्या बागांतली बहुतेक झाडे थोड्याशा मूळ झाडांच्या संततीची असणार. त्यांत कोणाचा बाप स्पिंडल पाम होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. असे बी राउंड आयलंडवर परत पेरण्याच्या लायकीचे नसते. पेरले तर तिथल्या शुद्ध झाडांत भेसळच होईल. बेट सावरले ते तिथून शेळ्या-ससे काढल्यामुळे, आणि तिथे राबणाऱ्यांमुळे. आपण एक देखणे झाड नीट वाढवत आहोत, एवढे म्हणणे प्रामाणिक आहे, आणि मला वाटते पुरेसेही. त्यातून पुढे कोणाच्या उपयोगी पडावे असे वाटत असेल तर नोंद ठेवावी. रोप किंवा बी कुठून आले, मूळ झाडाच्या जवळ स्पिंडल पाम होता का, पहिल्यांदा फुलले ते साल कोणते.

त्या नोंदीसाठी पुस्तिकेच्या शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. त्यात बुंध्याचा घेर लिहिण्याचे रकाने दोन आहेत, जमिनीपासून एक वीत उंचीवरचा आणि विरीच्या लगेच खालचा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कापडी टेपने दोन्ही मोजावेत. घरात आधीपासून ‘बॉटल पाम’ असेल त्यांनी पहिले प्रकरण उघडण्याआधी झाडापाशी जाऊन झावळ्या मोजाव्यात. पंधरा निघाल्या, तर थेट रॉयल पामच्या परिशिष्टाकडे जावे. त्यात घराच्या भिंतीपासून किती अंतर हवे, ते दिले आहे.